कागद फिरवणारा माणूस

छत्रपती संभाजीनगर
७ जानेवारी २०२५

कडुबा साहेब, जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असाल तर ती भीती आधी जाऊ द्या. कुणी आजारी नाही, घर जागेवर आहे आणि आत कोर्टाचा कागदही नाही. पण सहज म्हणून लिहितेय असंही नाही. कामाचं कारण मिळालं म्हणून लिहितेय. कारण मिळालं नसतं तर मी अजून कितीही वर्षं गप्प राहिले असते, माझा हट्ट तुम्हाला माहीत आहे.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही 'हं' म्हणता. मी चार गोष्टी ठरवून फोन लावते, तिकडून एक 'हं' येतो आणि मी सगळं विसरते. मग आपण गुवाहाटीच्या पावसावर बोलतो. आपल्यात नेमानं चाललेलं बोलणं आता एकच उरलंय. गॅसची टाकी दारात आली की तिचे चार आकडे तुमच्या मोबाइलवर जातात, ते तुम्ही मला पाठवता आणि मी टाकीवाल्याला वाचून दाखवते. एजन्सीत जाऊन नंबर बदलून घेणं काही अवघड नव्हतं. मी मुद्दाम बदलला नाही. आता कळलं तर कळू द्या.

तर काम असं आहे. बँकेच्या मुख्य कार्यालयाला ठरवायचंय की आपल्या प्रशिक्षण केंद्रातले वर्ग चालू ठेवायचे की सगळं शिकवणं मोबाइलवर टाकून मोकळं व्हायचं. त्यासाठी एकेका कार्यक्रमाचं मूल्यमापन सुरू झालंय आणि 'समोरचा माणूस' हा कार्यक्रम नेमका माझ्या वाट्याला आला. तुम्ही सुरू केलेला, तुम्हीच वाढवलेला. मी वर लेखी कळवलं की हे ज्यांचं लेकरू आहे ते माझे यजमान आहेत, मला यातून वगळा. उत्तर आलं, केंद्रात हे काम येणारं दुसरं कुणी नाही. सोबत एक अधिकारी देतो, दोघींनी वेगवेगळे गुण द्या आणि मग ताडून बघा. ती अधिकारी म्हणजे मोनिका. बजाजनगरात वाढलेली, वाळूजच्या कामगाराची मुलगी. समोर कोण आहे हे बघून बोलायची तिला सवय नाही.

आदेशात तुमच्या कार्यक्रमाचं वर्णन एका ओळीत आहे: 'काउंटरवरील कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचे ग्राहकसेवा प्रशिक्षण'. लिहिता न येणाऱ्याची अडचण कळावी म्हणून शिकलेल्या पोरापोरींना तुम्ही डाव्या हातानं स्लिप भरायला लावायचात, ते त्यात नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांना दुसऱ्या शाखेच्या रांगेत उभं करायचात, चुकीचा भरलेला फॉर्म हातात देऊन, तेही नाही. म्हणून विचारते. शाखेत जाऊन मी नेमकं काय बघू? माणूस शिकला हे तुम्ही कशावरून ओळखायचात?

उत्तर द्या. 'हं' लिहून पाठवू नका.

रत्नमाला

ता. क. तिकडं थंडीत कान झाकता का?


१९ जानेवारी २०२५

साहेब, जयभीम.

तुमचं पत्र परवा मिळालं. मी पानभर विचारलं आणि तुम्ही एक ओळ लिहिलीत: 'कागद कुणाकडं तोंड करून आहे ते बघ.' खाली 'बाकी ठीक'. कानांबद्दल काही नाही. तरी ती एक ओळ मी किती वेळा वाचली ते सांगणार नाही.

चौदा तारखेला, नामविस्तार दिनाला, विद्यापीठाच्या गेटवर गेले होते. दरवर्षी आपण जायचो, तुम्ही पुस्तकांच्या स्टॉलवर हरवायचात आणि मी पिशव्या धरून तुम्हाला शोधत फिरायची. यंदा एकटी गेले. गेटला वंदन केलं, दोन पुस्तकं घेतली, आणि घ्यायचं ते घेऊन झाल्यावरही उगाच स्टॉल स्टॉल फिरत राहिले. शोधायचं कुणी नसलं की त्या गर्दीत काय करायचं ते मला कळत नाही.

आता काम सांगते. आधी जुने अभिप्राय काढले. प्रशिक्षण संपताना लोक जे लिहून देतात ते. सगळ्यांनी 'अतिशय उपयुक्त' लिहिलंय, आणि त्याहून चांगलं जेवणाबद्दल लिहिलंय. एकानं तर तुमच्या वर्गाविषयी काहीच न लिहिता गुलाबजामचे आभार मानलेत. त्या दिवशी बरं वाटलं, एवढंच त्यातून कळतं. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत सगळे पास, त्यावरून समजलं एवढं कळतं. पण समजलेला माणूस वर्षभरानं सोमवारच्या गर्दीत कसा वागतो हे कागदावर कुठंच नाही. ते बघायला शाखेत जाऊन गुपचूप बाकावर बसावं लागतं.

म्हणून पहिल्यांदा खुलताबादला गेलो. मी आणि मोनिका वेगवेगळ्या शिरलो, आणि मी पासबुक हातात धरून बायकांच्या बाकावर बसले. काउंटरवर सत्यभामा होती. तुमच्याकडं शिकलेली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, मोठ्या आवाजाची. समोर दर्ग्याजवळ फुलांच्या चादरी विकणारे एक म्हातारे चाचा आले. फॉर्म चुकलेला होता. चाचा म्हणाले, "बेटी, चष्मा घर कू रह गया."

"बसा चाचा. मला टाइम हाय," ती म्हणाली. आणि मग तिनं तळहात कागदावर ठेवला, कागद अर्धा फिरवून चाचांच्या तोंडाकडं केला, चुकलेल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि गप्प बसली. रागावली नाही, पुढं ढकललं नाही. चाचा आपल्या गतीनं वाकून बघेपर्यंत वाट बघत राहिली.

अहो, ते तुम्ही होतात. जेवणाच्या टेबलावर विजेचं बिल माझ्याकडं फिरवून असंच बोट ठेवायचात आणि मी बघेपर्यंत थांबायचात. तुमच्या माय, माझ्या आत्याबाई, म्हणायच्या ना, "त्यो बँकवाला कागद सोताकडं धरतो अन् मला म्हनतो वाच. उलटा कसा वाचू मी?" त्यावरून तुम्ही हा सगळा कार्यक्रम उभा केला, हे बँकेत कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे. आणि खुलताबादच्या त्या काउंटरवर, एका परक्या बाईच्या हातात, तुमचा हात मला दिसला.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या आजींनी विचारलं, "पैसं गेलं का काय गं खात्यातून?" मी म्हटलं, "व्हय." दुसरं काय सांगणार होते?

आत्याबाई गेल्या आणि तुम्ही घरात बोलेनासे झालात. महिन्याच्या आत प्रमोशन घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाची बदली स्वीकारलीत, आणि मला सांगितलंत ते बॅग भरताना. आपण भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट तरी असतो. या घरात तीन माणसं होती, त्यातलं एक मरण पावलं आणि एक निघून गेलं. मी तिसरी. हे आजवर लिहिलं नव्हतं.

रत्नमाला


२ फेब्रुवारी २०२५

साहेब, जयभीम.

माझी फजिती सांगते, हसा. पाच शाखा झाल्यावर आम्ही दोघींनी आपापले गुण ताडून बघितले. माझे आणि मोनिकाचे जुळेनात. थोडेथोडके नाही, काही ठिकाणी मी पैकीच्या पैकी दिलेले आणि तिनं निम्म्याच्या खाली. मी म्हटलं, तू नवीन आहेस, तुला बघता येत नाही अजून. तिनं माझे कागद घेतले, एकेक वाचले आणि म्हणाली:

"मॅडम, राग नका मानू. तुम्ही क्लार्कला मार्क नाय देऊ लागल्या, साहेबाला देऊ लागल्या."

मी विचारलं, म्हणजे काय?

"हा बघा. बोलायच्या आधी घसा खाकरतो, चष्मा कपाळावर ठेवतो. तुम्ही याला पूर्ण मार्क दिले. यानं त्या बाईला दोनदा परत पाठवलं, मी मोजलं. अन् ही दुसरी, वरडून वरडून बोलती पण काम एका खेपेत करून देती. हिला तुम्ही कमी दिले. का? तर ती साहेबासारखी दिसत नाय."

मी साहेबांना ती कधी भेटली, असं विचारणार होते. मग आठवलं, ती इथं आली तेव्हा तुम्ही निघालेले होतात. तिनं तुम्हाला पाहिलेलंच नाही. तुम्ही खाकरता, चष्मा कपाळावर चढवता, हे सगळं तिला प्रवासात मीच सांगितलेलं होतं. इतकं सांगितलं होतं की तिला ते पाठ झालं होतं.

मला इतकी लाज वाटली की विचारू नका. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायची नाही. मूल्यमापन करायला निघाले आणि गावोगाव नवऱ्याला शोधत बसले. ते सगळे गुण आम्ही रद्द केले. आता परत त्याच शाखा, परत तेच बाक. या वेळी माणूस कुणासारखा दिसतो ते बघायचं नाही, ग्राहक हसत गेला की हिरमुसून गेला तेवढं बघायचं. मोनिकानं बजावलंय की गाडीत तुमचा विषय काढायचा नाही.

केंद्राचे प्रमुख पुंजाराम सर मात्र वेगळंच बोलले. मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, कशाला एवढा घोर लावून घेता? सरळ लिहा की साहेबाबिगर हा कार्यक्रम चालत नाय. वरचे मुकाट बोलावतेल त्यायला. साहेब उन्हाळ्यात इथं, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर." लबाडीनं बोलले नाहीत, मायेनंच बोलले. मी चहा पिऊन उठले, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. खरं सांगते, ते मला फार आवडलं.

तुम्हाला काय वाटतं? बोलावलं तर याल?

रत्नमाला


१३ फेब्रुवारी २०२५

पत्र मिळालं. आज लिहिणं जमणार नाही. लिहिलं तर वाईट लिहीन.

र.


२ मार्च २०२५

साहेब, जयभीम.

मध्ये नीट लिहिलं नाही कारण तुमचा राग आला होता. तुम्ही लिहिलंत, 'बँकेनं बोलावलं तर येईन.' बरोबर हेच शब्द. मी ते पत्र सरळ धरलं, फिरवून धरलं, कसंही वाचलं तरी बोलावणारी बँकच होती. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मी विचारलं होतं तेही 'बोलावलं तर' असंच, कुणी ते मीही लिहिलं नव्हतं, हे नंतर ध्यानात आलं. दोघंही सारखेच हुशार.

पण त्या ओळीनं एक झालं. आता मला पक्कं कळलं की तुमचं येणं न येणं माझ्या अहवालावर आहे. बँकेला तुम्ही हवे आहात असं मी लिहिलं की तुम्ही येणार. माझ्या हातात एवढी मोठी गोष्ट याआधी कुणी दिली नव्हती. म्हणून आता जे सांगते ते सांगताना माझा जीव तुटतोय, पण सांगते.

बजाजनगरच्या शाखेत गेलो. शिफ्ट सुटल्यावर कामगार येतात, तेव्हाची गर्दी. काउंटरवर आकाश नावाचा मुलगा, गेल्या वर्षी लागलेला. तुमच्या वर्गात बसलेला नाही, आमच्याही केंद्रात कधी आलेला नाही. एक कामगार फॉर्म घेऊन आला, हाताला ऑइल, कागद डागाळेल म्हणून बिचकत होता. आकाशनं कागद त्याच्याकडं फिरवला, बोट ठेवलं आणि थांबला. वर म्हणाला, "डाग पडू द्या मामा, आमचा कागद हाय, तुमच्या घरचा नाय." मामा हसला. मागची रांगही हसली.

काम संपल्यावर मी त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं?

"शिकवलं कुणी नाय मॅडम. सत्यभामाताई इथं दोन महिने बदलीवर होत्या. त्यायचं बघू बघू मलाबी सवय लागली."

मोनिकाकडं न बघता मी विचारलंच, "कडुबा साहेब माहीत आहेत?"

"कोन? नाय बा."

त्या 'नाय बा'नं मला एकाच वेळी आनंद झाला आणि रडू आलं. तुमचं नावही माहीत नसलेला मुलगा तुमचं काम करत होता. याहून मोठी पावती कुठल्या शिकवणाऱ्याला मिळते? आणि तीच पावती तुम्हाला माझ्यापासून लांब ठेवणार होती.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर म्हणाल बायको कौतुकच करते. चिकलठाण्याला तुमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी आहे, परीक्षेत पहिला आलेला. आम्ही बघितलं तर कागद काचेखालून परत सरकवतो आणि मान वर न करता 'नीट भरा' म्हणतो. मी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा बिचारा ओशाळला. म्हणाला, "सुरुवातीला करायचो मॅडम. पण इथं मी एकटाच. बाकीचे हसायचे, लाइन वाढली की मॅनेजर वरडायचे. मंग सुटलं." त्याचं शिकणं कमी पडलं नाही, त्याला सोबत कमी पडली.

सगळ्या शाखा परत झाल्या आणि या वेळी माझे आणि मोनिकाचे गुण जुळले. निघालं ते असं: जिथं एकटाच शिकून गेला तिथं सवय मोडली. जिथं दोघं होते तिथं टिकली, नुसती टिकली नाही, न शिकलेल्यांनाही लागली. म्हणजे कार्यक्रम चांगला आहे, मोबाइलवर टाकण्यासारखा नाही, फक्त एका शाखेतून दोघांना बोलवायचं. आणि शिकवायला सत्यभामासारखी माणसं पुरेत. गुवाहाटीहून कुणाला आणायची गरज नाही.

हे मी मोनिकाला वाचून दाखवलं तेव्हा तिनं ते पान मागून घेऊन परत एकदा वाचलं. मग म्हणाली, "मॅडम, थोडं मऊ लिहा ना. 'साहेब आले तर अजून चांगलं' असं." तीच ती, मला गाडीत तुमचं नाव घेऊ न देणारी. मी म्हटलं, त्याला पुरावा काय? ती म्हणाली, "पुरावा नाय. पर तुमच्याकडं बघवत नाय."

अहवाल अजून माझ्याकडंच आहे. सही राहिलीय.

रत्नमाला


१६ मार्च २०२५

अहो,

आज जयभीमच्या आधी 'अहो' आलं, राहू द्या. जयभीम.

सही केली. अहवाल गेला आणि मान्यही झाला. पुंजाराम सरांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, "मॅडम, तुम्ही सोताच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला." केंद्र बंद होत नाही. एप्रिलपासून वर्ग सुरू, पहिला वर्ग सत्यभामा घेणार. तिला कळवलं तर ती फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. पहिल्या दिवशी डाव्या हातानं स्लिप भरून घेणार म्हणे, आणि शाखा व्यवस्थापकांनाही सोडणार नाही.

शेवटच्या पानावर मी लिहिलंय: 'सदर कार्यक्रमासाठी मूळ प्रशिक्षकाच्या उपस्थितीची आवश्यकता नाही.' हे वाक्य लिहायला मला अख्खा रविवार लागला. तीनदा खोडलं. त्यात एक शब्द इकडचा तिकडं केला असता तरी तुम्ही उन्हाळ्याच्या आत या घरात असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण मग रोज सकाळी तुम्ही समोर बसून चहा प्यायला असता आणि मला वाटत राहिलं असतं की या माणसाला बँकेनं पाठवलंय, तेही माझ्या एका खोट्या वाक्यावर. तसे तुम्ही मला नकोत. शिवाय ते तुमच्याच कामाशी खोटं झालं असतं. इतकं चांगलं शिकवलंत की तुमच्यावाचून चालू लागलं, हे झाकून ठेवू कशी?

आत्याबाईंच्या खोलीची खिडकी मी रोज उघडते. तुम्हाला त्या खोलीत जाववत नव्हतं, हे मला तेव्हाच कळत होतं. तुम्ही माझ्यापासून पळाला नाहीत, त्या खोलीपासून पळालात. पण त्या खोलीबरोबर मीही मागं राहिले, एवढं तुमच्या ध्यानात आलं नाही. मलाही त्या आठवतात. त्यांच्यासाठी रडायलाही मला सोबत मिळाली नाही. मला कार्यक्रमाचे जनक नकोत, मूळ प्रशिक्षक नकोत. दारात चपला काढून 'काय केलंय जेवायला?' म्हणणारा माणूस हवाय. त्याच्यावाचून माझं चालत नाही, आणि याला दोन वर्षांचा पुरावा आहे.

तुम्ही म्हणालात, बँकेनं बोलावलं तर येईन. आता बँक बोलावणार नाही, तशी सोय मीच करून ठेवलीय. बदलीचा आदेश निघणार नाही, कुणाचा फोन येणार नाही. यायचं असेल तर तुम्हाला स्वतः अर्ज करावा लागेल, आणि कारणाच्या जागी खरं कारण लिहावं लागेल.

बँकेला तुमची गरज नाही. मला आहे. मी बोलावते आहे, या.

तुमची
रत्नमाला